दुष्काळ पाहिलेली रमाबाई

दुष्काळ म्हणजे काय, हे आम्हा फुलंब्रीच्या बायकांना कुणी सांगायला नको. म्हणून आज पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगतो.

1858 साली जन्मलेल्या रमाबाईंनी तरुणपणीच दुष्काळात आई-वडील गमावले. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा. पदरी वर्षाचीही न झालेली मनोरमा. 1883 साली इंग्लंडमध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढे पुण्यात धर्मावरून वाद पेटला, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई प्रार्थना करत राहिल्या आणि कामही करत राहिल्या. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो उपाशी बायका-मुली आणल्या. ती भूक त्यांच्या ओळखीची होती. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये या बायका शेती, विणकाम, छपाई शिकल्या. रमाबाईंनी सोप्या मराठीत केलेलं बायबल तिथंच छापलं गेलं. 1921 मध्ये मनोरमा गेली, 1922 मध्ये रमाबाई. मुक्तीचं काम आजही चालू आहे.

आमच्यात कुणी येशूपुढे हात जोडते, कुणी विठोबापुढे. गेलेलं माणूस प्रार्थनेनं परत येत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण उठून दुसरीच्या दारी जायचं बळ येतं. रमाबाईंना तेच मिळालं होतं.