पाकशाळेचे पहारेकरी



अन्नांतील विष ओळखण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. राजानें भोजनापूर्वीं अन्नाचा अंश अग्नीला व पक्ष्यांना द्यावा, असें कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सांगितलें आहे. अन्न विषारी असेल तर ज्वाला व धूर निळे होतात, अग्नि तडतडतो; विषाजवळ चकोराच्या डोळ्यांचा रंग पालटतो, असेंही तेथें म्हटलें आहे. हा पहारा राजाच्या ताटापुरता आणि शत्रूनें घातलेल्या विषापुरता होता.

परंतु जें कोणी घालीत नाहीं, खडकांतूनच पाण्यांत उतरतें, त्याला कोणता चकोर ओळखणार? फ्लोराइड हें असेंच द्रव्य आहे. पाण्यांत तें दिसत नाहीं, त्याचा वास येत नाहीं. त्यामुळें जडणारा हाडांचा विकार भारतांत प्रथम १९३७ सालीं, मद्रास इलाख्यांतील नेल्लोर जिल्ह्यांत नोंदला गेला. तेथें मनुष्यदेह हेंच परीक्षेचें साधन ठरलें; कणे ताठले, तेव्हां पाण्याचा दोष उमगला.

रसायनशाळेंत रंग पालटण्यावरून परीक्षा होऊं लागली, पण नमुना तेथवर न्यावा लागे. १९६६ मध्यें अमेरिकेंत फ्रँट व रॉस यांनीं लँथॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाचें विद्युदग्र प्रसिद्ध केलें. या स्फटिकांतून फ्लोराइडचेच आयन सरकतात. पाण्यांतील त्यांच्या प्रमाणाप्रमाणें विद्युद्दाब बदलतो. हातांत मावणारीं कांहीं यंत्रें आज याच तत्त्वावर चालतात.

यवतमाळ जिल्ह्यांत पांढरकवडा परिसराच्या भूजलांत फ्लोराइड अधिक असल्याचा अभ्यास २००७ मध्यें 'करंट सायन्स'मध्यें छापून आला. त्याच्या शेजारींच झरी जामणी तालुका आहे. तेथील मुकुटबनचा चुनखडक सर्वांस ठाऊक आहे. खडक तालुक्यांच्या सीमा पाळीत नाहींत. तसाच एका विहिरीचा दाखला दुसरीस लागू पडत नाहीं. म्हणून प्रत्येक विंधनविहिरीची परीक्षा वेगळी व्हावयास हवी. भारतीय मानकानुसार लिटरमागें १ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे; दुसरें पाणी नसेल तरच १.५ पर्यंत चालतें. उकळल्यानें फ्लोराइड जात नाहीं. पाणी आटतें तसें तें दाट होतें आणि वरणभातांतून पोटांत जातें.

यंत्र दोष दाखवितें, काढीत नाहीं. पुढें निर्दोष पाणी पुरवावें लागतेंच. तथापि, जो पहारा एकेकाळीं राजाच्या ताटाला होता, तो कोलामाच्या पोडावरील हंड्यालाही मिळणें आतां शक्य झालें आहे. तो तेथें पोंचविणें हें आपलें काम आहे.