छप्पर आणि ऊन

सोलापुरास उन्हाची वानवा कधीच नव्हती. वानवा होती ती छपराची. विडी वळणाऱ्या बायकांचा इतिहास आम्ही येथूनच वाचतो. त्यांच्यासाठी कुंभारीस उभ्या राहिलेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीतील दहा हजार घरे २००६ साली पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्ते दिली गेली. पुढे रे नगरच्या तीस हजार घरांपैकी पंधरा हजारांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी मिळाल्या. महिना उलटण्यापूर्वीच, १३ फेब्रुवारीस, केंद्राची ‘सूर्यघर’ योजना निघाली : दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३०,००० रुपये अनुदान. पण उरलेली रक्कम रोजंदारीच्या माणसाने आणावी कोठून? २०२५ साली महाराष्ट्र सरकारने दारिद्र्यरेषेखालील घरांस आणखी १७,५०० रुपये देऊ केले. सुमारे ५०,००० रुपयांच्या एक किलोवॉट संचात घरधन्याचा वाटा २,५०० वर आला. उशिरा का होईना, हे योग्यच झाले असे आम्हांस वाटते. रे नगरातील गाठ मात्र निराळी आहे. तेथे एका गच्चीखाली तीन मजले नांदतात आणि मीटर ज्याचे त्याचे. सामाईक गच्चीवर कोणाचे पॅनेल आधी, तळमजल्याचे की वरचे, ही बोलणी अर्ज भरण्यापूर्वी त्या बायकांना आपसांतच करावी लागणार आहेत.