चाळीस हा आकडा आला कुठून? वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेच्या निर्णयाचा इतिहास

#थ्रेड

१/१८
'शस्त्रक्रिया करून वजन कमी करावे की नाही?' हा प्रश्न घेऊन डॉक्टरांकडे जाणाऱ्या माणसाची आधी उंची मोजली जाते, मग वजन. त्यातून एक आकडा निघतो आणि पुढचे बोलणे त्या आकड्यावरून सुरू होते. हा आकडा कसा ठरला आणि तो ठरेपर्यंत कोणी काय किंमत मोजली, त्याचा हा इतिहास.

२/१८
प्रारंभ अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात झाला. लहान आतड्याचा कोणता भाग पोषणासाठी किती आवश्यक आहे, याचा अभ्यास अर्नोल्ड क्रेमेन आणि त्यांचे सहकारी कुत्र्यांवर करत होते. आतड्याचा शेवटचा मोठा भाग वगळला की स्निग्ध पदार्थ नीट शोषले जात नाहीत आणि वजन घटते, असे त्यांना आढळले. हा शोधनिबंध १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला.

३/१८
यातून एक सरळसोट कल्पना पुढे आली. खाणे आवरत नसेल, तर खाल्लेले अंगी लागूच द्यायचे नाही. लॉस एंजेलिसचे डॉक्टर पेन आणि डीविंड यांनी लहान आतड्याचा सुरुवातीचा तुकडा थेट मोठ्या आतड्याला जोडून पाहिला. वजन उतरले की आतडे पुन्हा पूर्ववत जोडायचे, असा त्यांचा बेत होता.

४/१८
हा बेत दोन्ही बाजूंनी फसला. जोड असेपर्यंत रुग्ण तीव्र अतिसाराने आणि क्षारांच्या कमतरतेने बेजार झाले. आतडे पूर्ववत केल्यावर उतरलेले वजन परत आले. मग १९६९ मध्ये पेन आणि डीविंड यांनी कायमस्वरूपी रचना मांडली. आतड्याचा सुरुवातीचा सुमारे ३५ सेंमी भाग शेवटच्या १० सेंमी भागाला जोडायचा आणि मधले कित्येक मीटर वगळायचे.

५/१८
ही शस्त्रक्रिया हजारो लोकांनी करून घेतली. पहिली काही वर्षे समाधानाची गेली. वजन खरोखरच झपाट्याने उतरत होते. पुढे मात्र एकेक तक्रार समोर येऊ लागली. कोणाला मुतखडे झाले, कोणाचे सांधे धरले, कोणाचे यकृत निकामी झाले. काही रुग्ण दगावले. अनेकांना जोड काढून घेण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली.

६/१८
या लोकांनी निर्णय अविचाराने घेतला होता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्यासमोर पहिल्या वर्ष-दोन वर्षांचेच चित्र होते. दहा वर्षांनंतरचे चित्र तेव्हा अस्तित्वातच नव्हते. ते याच रुग्णांच्या शरीरांवर उमटायचे होते. या क्षेत्रातील पुढचे बहुतेक नियम त्या अनुभवातून घडले.

७/१८
दुसरा प्रवाह आयोवा विद्यापीठातून निघाला. जठरव्रणासाठी (अल्सरसाठी) ज्यांच्या जठराचा मोठा भाग काढलेला असतो, त्यांचे वजन सहसा वाढत नाही, हे एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आले होते. त्यावरून त्यांनी चिकाशी इतो यांच्यासह 'गॅस्ट्रिक बायपास' सिद्ध केली. १९६७ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. जठराचा वरचा छोटा कप्पा वेगळा करून तो लहान आतड्याला जोडायचा, असे तिचे मूळ रूप होते.

८/१८
१९८० मध्ये मेसन यांनी आतड्याला हात न लावता केवळ जठर आवळणारी आणखी सोपी पद्धत काढली. तीही कालांतराने अपुरी ठरली. पुष्कळ रुग्ण मऊ आणि गोड पदार्थांकडे वळले व वजन पुन्हा चढले. पण मेसन यांचे आणखी एक काम तितकेच मोलाचे होते. १९८० च्या दशकात त्यांनी अशा रुग्णांची नोंदवही उभारली. शस्त्रक्रियेनंतर माणसाचे पुढे काय झाले, याचा हिशेब ठेवला पाहिजे, हा त्यामागचा आग्रह होता.

९/१८
आता आकड्याकडे येऊ. कोणाला 'शस्त्रक्रियेयोग्य' म्हणायचे, हे सुरुवातीला विमा कंपनीच्या तक्त्यांवरून ठरे. मेट्रोपॉलिटन लाइफ या अमेरिकी कंपनीने उंचीनुसार योग्य वजनाचे तक्ते बनवले होते. त्याहून १०० पौंड, म्हणजे सुमारे ४५ किलो, जास्त वजन असेल तर विचार करावा, असा संकेत होता. आयुर्विम्याच्या व्यवहारासाठी केलेला तक्ता अशा रीतीने शस्त्रक्रियेच्या दालनात पोहोचला.

१०/१८
किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागण्याचे सूत्र त्याहूनही जुने आहे. बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी १८३० च्या दशकात ते मांडले. त्यांना शोध होता समाजातील 'सरासरी माणसाचा'. एकेका रुग्णाचे निदान हा त्यांचा हेतू नव्हता. १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. तोच आपला बीएमआय.

११/१८
मार्च १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवली. तिने रेषा आखली. बीएमआय ४० किंवा अधिक असेल, अथवा ३५ च्या पुढे असून सोबत गंभीर आजार असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार व्हावा. १६५ सेंमी उंचीच्या व्यक्तीसाठी ४० म्हणजे सुमारे १०९ किलो. जुन्या '१०० पौंड जास्त' या संकेताशी हे ढोबळमानाने जुळत होते.

१२/१८
आकडा सर्वांच्या लक्षात राहिला; पण परिषदेच्या बाकीच्या अटी अधिक महत्त्वाच्या होत्या. रुग्णाला पूर्ण माहिती असावी आणि त्याची स्वतःची तयारी असावी. केवळ शल्यविशारदाने नव्हे, तर निरनिराळ्या शाखांच्या तज्ज्ञांनी मिळून त्याची तपासणी करावी. वैद्यकीय देखरेख आयुष्यभर चालावी. आतड्याच्या बायपासमधून शिकलेला धडाच या अटींमध्ये उतरला होता.

१३/१८
तरीही मूळ प्रश्न उरलाच. वजन उतरते, पण आयुष्य वाढते का? याचे उत्तर शोधणारा अभ्यास स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झाला होता. कोणावर शस्त्रक्रिया करायची हे चिठ्ठी टाकून ठरवायला नैतिक कारणास्तव परवानगी मिळाली नाही. त्या काळी या शस्त्रक्रियेत मृत्यूचे प्रमाण बरेच होते. त्यामुळे निर्णय लोकांवरच सोडला गेला. २,०१० जणांनी शस्त्रक्रिया निवडली. त्यांच्याशी मिळतेजुळते २,०३७ जण नेहमीच्या उपचारांवर राहिले.

१४/१८
निष्कर्ष २००७ मध्ये आला. सरासरी सुमारे ११ वर्षांत शस्त्रक्रिया न केलेल्यांपैकी १२९ जणांचा, तर केलेल्यांपैकी १०१ जणांचा मृत्यू झाला होता. फरक लहान वाटतो, पण तो खरा होता. शस्त्रक्रियेनंतरच्या ९० दिवसांत पाच जण दगावले, हेही याच अभ्यासात नोंदलेले आहे. निर्णयाच्या तराजूत ही दोन्ही पारडी एकत्रच तोलावी लागतात.

१५/१८
मधुमेहाची कथा अशीच आहे. अमेरिकेतील वॉल्टर पोरीज यांनी १९९५ मध्ये दाखवले की, गॅस्ट्रिक बायपासनंतर बहुसंख्य मधुमेही रुग्णांची साखर पूर्वपदावर येते. स्वीडनच्या अभ्यासात दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही आजारमुक्त होते. दहा वर्षांनी ३६ टक्के. हा लाभ शस्त्रक्रिया न केलेल्यांपेक्षा कितीतरी मोठा होता, तरी निम्म्यावर आलेला होता. बायपासनंतर मद्यासक्तीच्या तक्रारी वाढतात, हेही पुढे त्याच नोंदींतून उघड झाले.

१६/१८
आणि ही रेषा सगळ्यांना सारखी लागू होते का? २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात दोन शास्त्रज्ञांचे एकत्र छायाचित्र आले. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! पाश्चात्त्य मापाने सडपातळ दिसणारा भारतीय आतून तसा असेलच असे नाही.

१७/१८
२०२२ मध्ये शल्यविशारदांच्या अमेरिकी आणि जागतिक संघटनांनी १९९१ ची रेषा बदलली. आता बीएमआय ३५ असेल, तर सोबत आजार नसतानाही शस्त्रक्रियेची शिफारस होते. आशियाई लोकांसाठी ही मर्यादा २७.५ सुचवली आहे. म्हणजे १६५ सेंमी उंचीच्या व्यक्तीसाठी सुमारे ७५ किलो. एकाच उंचीच्या माणसासाठी रेषा ३४ किलोंनी खाली सरकली.

१८/१८
तीस वर्षांत आकडा बदलला, पद्धती बदलल्या, दुर्बिणीमुळे जखमही लहान झाली. आयुष्यभराच्या देखरेखीची अट मात्र जागची हलली नाही. लोह, कॅल्शियम, बी-१२ यांच्या गोळ्या आणि तपासण्या पुढे चालूच राहतात. वजन घटवणाऱ्या नव्या इंजेक्शनांनाही हाच प्रश्न विचारावा लागेल. बीएमआयवरून एवढेच कळते की दार उघडे आहे की नाही. आत जाण्यापूर्वी विचारायचा प्रश्न या सत्तर वर्षांनी शिकवला आहे : 'दहा वर्षांनी काय, आणि तेव्हा माझी विचारपूस कोण करणार?'