दोरी जिथे पोहोचत नाही

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात दोन पाड्यांमधील अंतर पायवाटेने एक भरते, नजरेने दुसरेच. मधे दरी आली की दोरी खुंटते. अशा ठिकाणी माणसाने शोधलेला उपाय आपल्या मुलांना दहावीच्या पुस्तकात ‘त्रिकोणमिती’ या नावाने भेटतो. काटकोन त्रिकोणात कोनासमोरील बाजूला कर्णाने भागले की साइन, लगतच्या बाजूला कर्णाने भागले की कोसाइन आणि समोरील बाजूला लगतच्या बाजूने भागले की टॅन्जंट. मुले हे मुखोद्गत करतात. त्यामागचा प्रवास मात्र त्यांना क्वचितच कोणी सांगतो.

या गुणोत्तरांचे मर्म एवढेच की ती कोनाची असतात, त्रिकोणाच्या आकारमानाची नव्हेत. ३० अंशांसमोरील बाजू कर्णाच्या निम्मीच राहते, मग त्रिकोण पाटीवरचा असो वा दोन डोंगरांमधला.

‘साइन’ हा शब्द मूळचा आपल्याच घरचा. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये अर्धज्यांची कोष्टके रचली. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. पुढे भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ज्या काढण्याच्या रीती ‘ज्योत्पत्ती’ या प्रकरणात दिल्या. ‘जीवा’ अरबीत ‘जीब’ झाली, तीच अक्षरे ‘जैब’ म्हणजे वस्त्राची खोळ अशी वाचली गेली, आणि बाराव्या शतकातील लॅटिन भाषांतरकारांनी तिचे ‘सायनस’ केले. सोळाव्या शतकात ऱ्हेटिकसने ही गुणोत्तरे वर्तुळाऐवजी थेट काटकोन त्रिकोणावरून मांडली.

हीच विद्या विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने भारतभूमीवर वापरली. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ, संत थॉमसच्या स्मृतीने पावन झालेल्या टेकडीच्या परिसरात, पोलादी साखळीने सुमारे साडेसात मैलांची पायारेषा मोजण्यास प्रारंभ झाला. पुढे मुख्यतः कोनच मोजायचे, साखळी पडताळ्यापुरती. त्रिकोण काटकोनी नसला तरी शिरोबिंदूतून समोरील बाजूवर लंब टाकला की दोन काटकोन त्रिकोण होतात. लंब दोहोंना सामाईक असल्याने माहीत असलेल्या बाजूवरून न मोजलेली बाजू हाती येते. ती पुढच्या त्रिकोणाची पायारेषा होते. अशी त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे सरकत असता २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटन आपल्या महाराष्ट्रातील हिंगणघाट येथे निवर्तला. त्याच सर्वेक्षणाच्या निरीक्षणांवरून राधानाथ सिकदार यांनी १८५२ मध्ये जगातील सर्वोच्च शिखर गणिताने ओळखले.

अवजड यंत्रे डोंगरांवर चढविणारे, झाडी तोडणारे, खुणेची निशाणे धरून उभे राहणारे हात येथल्याच गोरगरिबांचे होते. जंगलातील तापाने त्यांपैकी कित्येक दगावले. शिखरांना साहेबांची नावे मिळाली. यांची नावे नकाशात आली नाहीत. नकाशे सरकारच्या महसुलाच्या व सैन्याच्या कामी आले. ज्यांची भूमी मोजली, त्यांच्या हाती ही विद्या फार उशिरा आली.

आज ती पाड्यावरच्या शाळेतही आहे. समजा, जव्हारजवळील दाभोसा धबधब्याच्या तळाशी कड्यापासून सपाटीवर १०० मीटर दूर उभे राहून माथा ३० अंशांवर दिसला, तर टॅन्जंट सुमारे ०.५७७, म्हणजे डोळ्यांच्या पातळीपासून माथा सुमारे ५८ मीटर उंच. कोनमापक, दोरा आणि दोऱ्याला बांधलेला खडा एवढ्यावर हे साधते. मुलांना सूत्र पाठ करविण्यापूर्वी एकदा तरी त्यांच्या गावचा डोंगर त्यांच्याकडूनच मोजवून घ्यावा.