शेक किती दिवसांचे?

स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली की पाच आठवड्यांत किरणोपचाराचे पंचवीस शेक, हा हिशेब कित्येक दशकं अनेक देशांतल्या रुग्णालयांत वेदवाक्यासारखा चालला. परळच्या टाटा रुग्णालयात विदर्भातून किंवा कोकणातून येणाऱ्या बाईसाठी पाच आठवडे म्हणजे बुडालेली मजुरी, घरी ठेवलेली मुलं आणि मुंबईत डोकं टेकायला जागेचा शोध. यंत्राखाली पडून राहायचं ते रोज काही मिनिटं; बाकीचा सगळा दिवस त्या मिनिटांसाठी खर्च व्हायचा. हा आकडा निव्वळ विज्ञानाने ठरवलेला नव्हता, असं त्याचा इतिहास सांगतो. त्यात जीवशास्त्र होतं, तशीच शनिवार-रविवारची सुट्टी आणि यंत्रापुढची रांगही होती. मग रुग्णाच्या ये-जा करण्याला आणि पोटापाण्यालाही त्या हिशेबात जागा हवी, आणि ती दया म्हणून नव्हे, उपचाराचा भाग म्हणून.

क्ष-किरण १८९५ साली सापडले. पुढच्या काही दशकांत जर्मनीत, विशेषतः एर्लांगेनला, एकाच बैठकीत मोठी मात्रा देऊन गाठ जाळण्यावर भर होता. पॅरिसच्या रेडियम संस्थेत क्लोदियुस रेगो यांनी वेगळी वाट धरली. मेंढ्याच्या वृषणातल्या, सतत विभाजन होणाऱ्या पेशी त्यांनी कॅन्सरच्या पेशींच्या जागी धरल्या. एका दमात किरण देऊन त्या कायमच्या नष्ट करायच्या तर वरची कातडी जबर भाजत होती. तेच किरण दिवसांच्या अंतराने थोडे थोडे दिले, तर काम साधत होतं आणि कातडी टिकत होती. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी १९२०च्या दशकात याच पद्धतीने स्वरयंत्राचे कॅन्सर बरे करून दाखवले. विभागून देण्यामागचं विज्ञान पक्कं होतं. पण किती भागांत, याचं उत्तर गावोगावी बदललं. मँचेस्टरला राल्स्टन पॅटरसन यांनी तीन आठवड्यांची रीत बसवली. इतरत्र रोज दोन ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) आणि आठवड्याला पाच दिवस ही रीत रुळली. यातले दोन मोकळे दिवस कर्मचाऱ्यांच्या आठवड्यातून आले होते. डेन्मार्कमध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरला आठवड्याला सहा शेक दिले, तेव्हा गाठ अधिक आटोक्यात आली. ते निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले.

रुग्णाच्या सोयीला हिशेबात जागा देण्यावर जाणत्या डॉक्टरांचा आक्षेप असा, की सोय पाहून दिवस कमी करणं धोक्याचं असतं. आक्षेप खरा आहे आणि तो अनुभवातून आलेला आहे. शेकांची संख्या बदलली तर मात्रा किती हवी, हे सांगणारं फ्रँक एलिस यांचं सूत्र १९६९ साली आलं. त्याच्या भरवशावर काही ठिकाणी मोजकेच, मोठ्या मात्रेचे शेक दिले गेले. कातडी सुरुवातीला ठीक दिसली. काही वर्षांनी मात्र ऊती दगडासारख्या कडक झाल्या, हाताच्या नसा निकामी झाल्या. ज्यांनी ते रुग्ण पाहिले, त्यांचा हात पुढे आखडला यात नवल नाही. पण चूक दिवस कमी करण्यात नव्हती. एकूण मात्रा पुरेशी न घटवण्यात आणि चाचणीआधीच सूत्रावर विसंबण्यात होती. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत २,२१५ स्त्रियांवर पंचवीस शेकांत ५० ग्रे आणि पंधरा शेकांत ४० ग्रे यांची तुलना झाली. दहा वर्षांनंतरही पंधरा शेकांत कॅन्सर परतण्याचं प्रमाण वाढलं नव्हतं, उलट स्तनाच्या ऊतींची हानी कमी होती. २०२० साली पाच शेकांत २६ ग्रे देण्याच्या चाचणीची पाच वर्षांची फलितंही आली, आणि महासाथीच्या त्या दिवसांत ब्रिटनने ती रीत झपाट्याने उचलली.

सगळीकडे असं जमत नाही, हेही सांगितलं पाहिजे. हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या वेदनेवर ८ ग्रेचा एकच शेक दहा शेकांइतकाच आराम देतो, पण पुन्हा शेक द्यावे लागण्याचं प्रमाण त्यात जास्त. थोडंच आयुष्य उरलेल्या माणसाला दहा दिवस रुग्णालयात घालवायचे की पुढे कधीतरी परत यायची शक्यता पत्करायची, हे त्यालाच विचारायला हवं. तंबाखूमुळे होणाऱ्या घसा-तोंडाच्या कॅन्सरला आजही बहुधा सात आठवडे लागतात. मधे खंड पडला तर उरलेल्या पेशी त्या अवधीत जोमाने वाढतात आणि बरं होण्याची शक्यता घटते. अशा रुग्णाला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत खोली मिळते की नाही, यावर त्याचा उपचार पुरा होणं अवलंबून असतं. म्हणून मुक्कामाची चौकशी मात्रेच्या आखणीसोबतच, पहिल्या शेकाआधी व्हायला हवी.