बुकातला भाव

आयुष्यभर पुण्यात घरा-जमिनींची मूल्यांकनं करून निवृत्त झालो, त्यामुळे छापील भावाकडे मी जरा तिरक्या नजरेनेच बघतो. रेडी रेकनरचा दर आणि प्रत्यक्षातला सौदा यांची गाठ पडली तर पडली, नाही तर नाही, हे आमच्याकडे दस्त नोंदवायला गेलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मुलाकडे टोलिडोला, म्हणजे अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, राहायला आलो तर तिथे शेजारी निघाले बेसबॉलच्या जुन्या कार्डांचे नादिष्ट. ‘निम्म्या बुकला मिळालं’, ‘बुकच्या वर गेलं’ अशी त्यांची भाषा. हे बुक म्हणजे किंमतपुस्तक. ते ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो जेम्स बेकेट टोलिडोच्या दक्षिणेला, गाडीने अर्ध्या तासावर असलेल्या बोलिंग ग्रीनच्या विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवत होता, हे कळल्यावर मी या भानगडीत लक्ष घातलं.

बेकेटच्या आधी भाव नव्हते असं नाही. सिरॅक्यूजचा जेफरसन बर्डिक कारखान्यात विजेच्या उपकरणांची जुळणी करायचा. संधिवाताने पार जखडलेला हा माणूस. त्याने १९३९मध्ये कार्डांची पहिली सूची छापली. सिगारेटच्या पाकिटातून १९०९ ते १९११च्या दरम्यान आलेल्या संचाला आज जग ‘टी २०६’ म्हणतं, तो क्रमांक बर्डिकचाच. त्याच संचातलं होनस वॅग्नरचं कार्ड लवकर छापायचं थांबलं म्हणून दुर्मीळ. बर्डिकने त्याचा भाव ५० डॉलर लावला, तेव्हा तो चक्रावून टाकणारा आकडा होता. त्याला स्वतःला पैशात रस नव्हता. तीन लाखांवर कागद त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन टाकले, दुखत्या हातांनी ते वह्यांत चिकटवले, जानेवारी १९६३मध्ये काम संपवलं आणि मार्चमध्ये वारला.

बेकेटने केलं ते वेगळं. त्याने विक्रेत्यांना प्रश्नावल्या पाठवून भाव गोळा केले आणि १९७९मध्ये डेनिस एकेस या विक्रेत्याबरोबर पुस्तक काढलं. कार्डाची अवस्था कशी, त्यावर रकान्यागणिक भाव. नोव्हेंबर १९८४पासून मासिक निघालं. त्यात वर-खाली बाण आले, आणि दहा वर्षांची पोरं शेअर बाजारासारखी ते बाण वाचू लागली. माझ्यातला मूल्यांकनकार इथे अडतो. विक्रेत्याला ‘किती भाव चाललाय’ विचारलं तर तो मागतो ती किंमत सांगणार, शेवटी पदरात पडते ती नव्हे. शिवाय मासिक गल्ल्यावर ठेवून दुकानदार त्यावरूनच चिठ्ठ्या लावणार आणि पुढच्या महिन्यात तेच आकडे सर्वेक्षणात परत येणार. संख्याशास्त्राच्या माणसाला हे कळत नसेल असं मला वाटत नाही. पण दुसरा आकडा होता कुणाकडे?

१९९१मध्ये पीएसए ही ग्रेडिंग करणारी कंपनी निघाली. तोवर कोरं करकरीत, म्हणजे ‘मिंट’, कोणतं ते विकणारा म्हणेल तसं. आता तिऱ्हाईत माणूस कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि मधोमधपणा तपासून १ ते १० गुण देणार आणि कार्ड प्लास्टिकच्या स्लॅबमध्ये कायमचं बंद करणार. बुकवाल्यांचं काम सोपं व्हायला हवं होतं. झालं उलटंच.

अँडी पॅफ्को हा चांगला खेळाडू, पण कुणी मिकी मँटल नव्हे. त्याचं कार्ड टॉप्स कंपनीच्या १९५२च्या संचात पहिल्या क्रमांकाचं. पोरं क्रमाने गठ्ठा लावून रबरबँड चढवायची; रबराचा काच आणि हाताचा मळ सगळा पॅफ्कोच्या वाट्याला. शेजाऱ्यांकडे एक पॅफ्को आहे. भिंग लावून बघितलं तर दोन्ही बाजूंच्या कडा आत दबलेल्या आणि खालचा कोपरा झिजून पांढऱ्या कापसासारखा फुललेला. त्याच कार्डाची दहा गुणांची प्रत १९९८मध्ये ८३ हजार डॉलरांच्या वर गेली. अशा प्रतीचा भाव कोणत्या रकान्यात लिहिणार? मागे तसा व्यवहारच नाही. दोन श्रीमंत संग्राहकांना एकाच वेळी आपला संच सर्वोत्तम करायचा असला की भाव भडकतो. त्यातला एक बाजूला झाला की तोच भाव कागदावर राहतो.

आणि गुण तरी किती खरे? पीएसएने प्रमाणित केलेलं पहिलंच कार्ड म्हणजे वर सांगितलेल्या वॅग्नरची एक प्रत, गुण आठ. हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या भागीदाराने ते १९९१मध्ये ४ लाख ५१ हजार डॉलरना घेतलं. २००७मध्ये ते २८ लाखांना गेलं. कडा कापल्याची कुजबुज होतीच. २०१३मध्ये लिलावदार बिल मॅस्ट्रोने न्यायालयात कबूल केलं की हो, मीच कापल्या. कापलेल्या कार्डाला नियमाने गुणच मिळत नाहीत. गंमत अशी की २०२२मध्ये दोन गुणांचा एक वॅग्नर साडेबहात्तर लाखांना विकला गेला.

चालू मालाचं बुक मात्र मी नाकारणार नाही. जे कार्ड पाच-सहा गुणांत दर आठवड्याला विकलं जातं, त्याचा छापील भाव बऱ्यापैकी खरा असतो. प्रश्न टोकाला आहे, आणि वेगाचाही. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचं १९८६चं कार्ड, दहा गुणांचं, जानेवारी २०२१मध्ये ७ लाख ३८ हजार डॉलरना गेलं आणि दीड वर्षात निम्म्याच्याही खाली आलं. छापखान्याने काय करावं? कोणत्या गुणाची किती कार्डं आहेत याचीही मोजणी ग्रेडिंग कंपन्या जाहीर करतात, पण लोक जास्त गुणांच्या आशेने स्लॅब फोडून तेच कार्ड पुन्हा पाठवतात आणि एकाची दोन होतात.

शेजाऱ्यांना विम्यासाठी त्यांच्या रोबेर्तो क्लेमेंतेच्या १९५५च्या कार्डाची किंमत हवी होती, पाच गुणांचं. मी आमच्या धंद्यातली पद्धत वापरली: त्याच गुणाचे अलीकडचे तीन लिलाव, तारखांसह. तिन्ही चित्रं शेजारी ठेवली. दोन कार्डं यांच्यापेक्षा मधोमध छापलेली, तिसऱ्याचे रंग फिके. म्हणून पहिल्या दोघांच्या खाली आणि तिसऱ्याच्या जरा वर आकडा धरला आणि कारणं खाली लिहून दिली. विमा एजंटाने कागद वाचला, छान म्हणाला, आणि किंमतपुस्तकातल्या पानाची झेरॉक्स मागितली.