डाकेतली शतरंज आणि गुलाम कासिम

शतरंज आणि मुसलमान म्हटले की बहुतेकांना लखनौचे ते दोन रईस आठवतात. प्रेमचंदांची १९२४ मधली कथा, पुढे १९७७ चा सत्यजित राय यांचा चित्रपट. राज्य बुडते आहे आणि हे डावात गुंग! कथा उत्तमच, पण ती कथा आहे. इतिहासात गुलाम कासिमही होऊन गेले. त्यांचे नाव मात्र आपल्या घरांत कोणी घेत नाही.

१८२८-२९ मध्ये मद्रास आणि हैदराबाद या शहरांत पत्राने दोन डाव खेळले गेले. (आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता.) रेल्वे नव्हती, तार नव्हती. चाल लिहायची, डाकेत टाकायची आणि उत्तराची वाट पाहायची. आमच्या चौकपुढच्या बोरघाटात गाडीरस्ता खुला झाला तो १८३० साली; त्यावरून त्या काळच्या डाकेचा अंदाज करावा.

सामना मद्रासने जिंकला. १८२९ मध्ये त्यावर मद्रासला इंग्रजी पुस्तक निघाले. मद्रासचा खेळ मुख्यतः गुलाम कासिम यांनी चालवला, असे त्याच्या लांबलचक शीर्षकातच नमूद आहे. त्यांचे नाव आधी, आणि मद्रास सिव्हिल सर्व्हिसच्या जेम्स कॉक्रन साहेबांचे नंतर. कंपनी सरकारच्या अमलात हे थोडे नव्हे.

पुस्तकाचा विषय मुझिओ गॅम्बिट. पांढरा राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकतो, काळाही तेच करतो. मग पांढरा राजाच्या उंटापुढचे प्यादे मारायला देतो. चौथ्या चालीपर्यंत काळ्याचे प्यादे पांढऱ्याच्या घोड्यावर चालून येते. मुझिओत पांढरा इथे घोडा सोडून कॅसलिंग करतो. गुलाम कासिम यांच्या नावाची चाल वेगळी : घोडा जाऊ द्यायचा आणि वजिरापुढचे प्यादे दोन घरे रेटायचे. घोड्याच्या बदल्यात मोहरी झपाट्याने बाहेर येतात व हल्ला चढतो.

गंमत अशी की देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेपेलाही एकच घर चाले, म्हणजे ही सुरुवात तिथे शक्यच नव्हती. विलायती कायद्याचा खेळ शिकवणारे त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे पुस्तक मुंबईत १८१४ सालीच निघाले होते. परका कायदा आत्मसात करून त्यातच भर घालणारी ही माणसे होती.

लंडन-एडिंबरो पत्रसामन्यावरून (१८२४-२८) ‘स्कॉच’ सुरुवातीचे नाव रूढ झाले, हे बुद्धिबळाच्या पुस्तकांत हमखास सापडते. आता मुले मोबाईलवर दूरदेशीच्या खेळाडूशी दोन-तीन दिवसांना एक चाल असे डाव खेळतात. तिथे पाचव्या चालीला वजिराचे प्यादे सरकले की पडद्यावर इंग्रजीत अक्षरे उमटतात : गुलाम कासिम गॅम्बिट.